सात ओल्या गाठी

माझाच आवाज मला भिंतीतून ऐकू आला. गुरुवार, सकाळचे साडेदहा, नगर कार्यालयाच्या वरच्या मजल्यावरचं सभागृह. प्रत्येकाच्या मांडीवर नाश्त्याची कागदी पेटी, तिच्यात एक तळलेलं, एक वाफवलेलं, एक गोड. आणि भिंतीवरच्या काळ्या स्पीकरमधून मी म्हणत होते, "पश्चिमेचा मोगरा यांची विहीर, सात ओल्या गाठी. आभार, पश्चिमेचा मोगरा, तुमच्यासाठी हे गाणं." मग मी हसले. वाक्य संपायच्या जरा आधीच मी हसते, हे मला चार वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. हॉटेलच्या वतीने बोलायला आलेल्या मुलीने बटण दाबलं. पुढच्या वर्षीची मी. सात ओल्या गाठी. बटण. त्याच्या पुढच्या वर्षीची मी, जरा सर्दी झालेली. सात. बटण. गेल्या महिन्यातली मी. सात. "हॉटेलची खोल बोअर सुरू होऊन चार वर्षं झाली," मुलगी अगदी आदराच्या भाषेत म्हणाली, आम्ही घरात आजोबांशीसुद्धा आता बोलत नाही अशा भाषेत, "आणि वस्तीच्या स्वतःच्या रेडिओनुसार वस्तीतल्या विहिरींचं पाणी हललेलं नाही. दुसऱ्या बोअरची परवानगी मागताना आम्ही वस्तीच्या या कामाचे ऋणी आहोत." आणि आमचे लोक, आमच्या चार गल्ल्यांमधून इस्त्रीचे कपडे घालून आलेले आमचे वीस-बावीस लोक, वळून माझ्याकडे बघायला लागले, त्यांचे चेहरे उजळले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. आपला रेडिओ एवढ्या मोठ्या सभागृहात लागला म्हणून टाळ्या. मी हातातली पेटी सावरली आणि मान झुकवली. हसलेसुद्धा. हे मागाहून मला काढून टाकावंसं वाटलं, पण राहू दे. आधी मी हसले.

आमचा सेंदांग रेडिओ म्हणजे पहाऱ्याच्या चौकीवरची एक खोली. भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवलेत, खिडकी मात्र उघडीच ठेवावी लागते, नाहीतर प्रक्षेपण सांभाळणाऱ्या पाक तुगिमानांचं, म्हणजे तुगिमानकाकांचं, जुनं यंत्र तापतं आणि त्याबरोबर पाक तुगिमानही. आवाज पोचतो तो विनोंगो नदीच्या पलीकडच्या दुसऱ्या मशिदीपर्यंत, त्यापुढे खरखर. सोमवारी जुनी पदं, मंगळवारी समाजघरातून पोरांची गामेलान वाद्यवृंदाची तालीम, चुका धरून. बुधवारी क्रोन्चोंगची गाणी, गुरुवारी पाक हारसोयोंचं शास्त्र, म्हणजे धुकं नदीवरच का बसतं, काजव्याचा उजेड हाताला गरम का लागत नाही. शुक्रवारी कचरा आणि गांडुळं, शनिवारी कापडावरच्या रंगांबद्दल कोणाला बोलायचं असेल ते. आणि रविवारी सकाळी नऊला विहिरी आणि मी. मी शिवणकाम करते, पण वस्तीत मला कोणी शिवणारी पालुपी म्हणत नाही. रविवारची बाई म्हणतात. तेही माझ्या पाठीमागे. समोर सगळ्यांनी असं वागायचं की रेडिओवरची 'निवळ' कोण हे कोणालाच माहीत नाही. कारण रेडिओवर आमच्याकडे कोणी स्वतःचं नाव सांगत नाही. प्रत्येकाचं एक हवेतलं नाव असतं. एकटा बगळा. पुलाखालची चांदणी. निवृत्त वाघ, हा कोपऱ्यावरचा न्हावी. जिन्याखाली खिळ्याला टांगलेल्या बिस्किटांच्या डब्यात चिठ्ठी टाकायची, वर हवेतलं नाव, खाली गाणं, त्याखाली कोणाला शुभेच्छा. मी ती जशी असेल तशी वाचायची. ज्या बाईशी शनिवारी गटारावरून कडाक्याचं भांडण झालं तिला रविवारी बगळा एक गाणं पाठवतो, तिलाही कळतं की बगळा कोण, आणि सोमवारी दोघं गटाराच्या दोन बाजूंना उभे राहून शहाळ्यांच्या भावाबद्दल बोलतात. रेडिओचे दोनच नियम आहेत, पाक तुगिमानांनी रंगाने दारावर लिहिलेले. चिठ्ठीतला शब्द बदलायचा नाही. हवेतल्या नावाखालचं नाव फोडायचं नाही.

दोऱ्या पाक हारसोयोंनी आणल्या. हॉटेलचे बारा मजले उभे राहिले त्या वर्षी. अकरा दोऱ्या, अकरा विहिरींसाठी, टोकाला भोक पाडलेला दगड, हातभर अंतरावर एकेक गाठ. रविवारी सकाळी पहिली बादली काढायच्या आधी दगड तळाला टेकवायचा, दोरी वर ओढायची, ओल्या गाठी मोजायच्या आणि आकडा चिठ्ठीत शुभेच्छांच्या खाली लिहायचा. शास्त्र इतकं सोपं असतं यावर पाक हारसोयोंनी एक संपूर्ण गुरुवार खर्च केला होता. पहिल्याच महिन्यात कोणीतरी विचारलं, अर्धी ओली गाठ कशी मोजायची? पाक म्हणाले, अर्धी म्हणजे अर्धी. पण मला हवेवर साडेसहा म्हणणं बरं वाटेना. साडेसहा म्हटल्यावर ऐकणाऱ्याच्या मनात एक भोक पडतं. पुढच्या रविवारी मी सहज म्हणून गेले की अर्धी ओली गाठ पूर्ण धरायला हरकत नाही, पाणी आपल्याला पूर्णच देतं. फार गोड वाक्य होतं. पुढे दोन-तीन चिठ्ठ्यांमध्ये लोकांनी ते मला परत पाठवलं.

पुन्हा तिथून सुरू करते. सभागृहातून.

अध्यक्षांनी सांगितलं की वस्तीला हरकत घ्यायची असेल तर सोमवारी दुपारपर्यंत पुराव्यासकट द्यावी, नाहीतर परवानगी गृहीत धरावी. लोक जिना उतरले, पेट्या नातवंडांसाठी पिशवीत घातल्या. पुलावर मी पाक हारसोयोंना गाठलं. ते छत्री काठीसारखी टेकत चालतात, आणि त्या दिवशी जरा भरभर चालत होते.

"पाक, रेकॉर्डिंग त्या मुलीला कोणी दिलं?"

"मी." ते थांबले नाहीत.

"तुम्ही?"

"ती घरी आली होती. खुर्चीवर बसली नाही हं, खाली चटईवर बसली. माझी वही दोन्ही हातांनी घेतली, सोबत रेकॉर्डिंगही. म्हणाली, पाक, हे शास्त्र आहे. पालुपी, चाळीस वर्षं शिकवलं मी. पोरांच्या वह्या मी तपासल्या, माझी वही कधी कोणी मागितली नव्हती."

"म्हणून दिलीत?"

"आकडे खरे असतील तर कोणालाही द्यावेत. लपवायचे ते खोटे." आता ते थांबले आणि खाली नदीकडे बघत म्हणाले, "खरे आहेत ना?"

मीही खाली बघितलं. नदीत कोणीतरी म्हैस नव्हे, मोटारसायकल धूत होतं.

"कोरड्या हंगामात सात, पावसात सात," पाक म्हणाले. "जिवंत विहीर अशी नसते. खालीवर होते, श्वास घेते. मला वहीत दिसत होतं ते. दुसऱ्या वर्षापासून दिसत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"कोणाला बोलू? विचारलं तर त्या माणसाला खोटं ठरवल्यासारखं झालं असतं." ते खरोखर चकित होऊन माझ्याकडे बघत होते. "तू तरी विचारलं असतंस का?"

घरी आल्यावर शिवणयंत्रासमोर बसले. एका नर्तकीचं झंपर होतं, बाह्या राहिल्या होत्या. सुईखाली कापड सरकत होतं आणि माझ्या डोक्यात चार वर्षांचे रविवार सरकत होते, आणि प्रत्येक रविवारातून मी वाक्य संपायच्या जरा आधी हसत होते. त्या मुलीने अकरा विहिरींतून एकच का निवडली असेल? बाकीच्या थोड्या तरी हलल्या होत्या, सातवरून सहा, सहावरून पाच. मोगऱ्याची एकटी सरळ रेषेसारखी. आणि तो मोगरा कोण हे मला पहिल्या चिठ्ठीपासून माहीत होतं, अक्षरावरून, 'स'च्या शेपटीवरून. माझी थोरली बहीण वारसिनी. यू सिनी. यू म्हणजे थोरली. आमच्या वडिलांच्या घरात ती राहते, रेडिओच्या जिन्याखालून पहिली गल्ली, कमरखाच्या झाडापलीकडचं दुसरं घर, मागच्या चौकात विहीर. ती विहीर वडिलांनी दोन मित्रांना घेऊन खणली. पहिलं गढूळ पाणी लागलं तेव्हा त्यांनी खालून ओरडून कप मागवला होता, आणि तो कप दोरीने वर आला तेव्हा यूने आधी माझ्या तोंडाला लावला. मी तीन वर्षांची होते, मला आठवण्याचं कारण नाही, पण मातीची चव मला आठवते. नंतर रोज संध्याकाळी रहाटाची करकर, यूचं ओलं मनगट, ती माझ्या डोक्यावर बादली ओतायच्या आधी प्रत्येक वेळी म्हणायची, "श्वास धर." आणि वडिलांचा रेडिओ ओसरीवर. वडील क्रोन्चोंगच्या ताफ्यात चेलो वाजवायचे, बोटांनी, ढोलकासारखा. त्यांच्या रेडिओचा कागदी भोंगा फाटलेला होता, खालचे सूर आले की तो भुंग्यासारखा खर्जात थरथरायचा, आणि ते म्हणायचे, बघा, माझं वाद्य या यंत्राला झेपत नाही. तो रेडिओ अजून यूकडे आहे. रविवारी खिडकी उघडी असते तेव्हा मला माझ्या कार्यक्रमातून चारी गल्ल्यांतले रेडिओ ऐकू येतात, सगळे एकसारखे, आणि त्यांच्या खाली तो एक थरथरणारा. मी बोलत असताना माझ्या आवाजाच्या तळाला तो भुंगा असतो. त्याच्यावर पाय ठेवून मी चार वर्षं बोलत आले असं कोणी म्हटलं तर मी नाही म्हणणार नाही.

शुक्रवारी मी गांडुळांच्या कार्यक्रमातून पाच मिनिटं मागून घेतली. म्हटलं, ऐकणाऱ्यांनो, या रविवारी दगड नीट तळाला टेकवा. जे असेल तेच लिहा. अर्धी असेल तर अर्धी. कोणाला वाईट वाटणार नाही. मला वाईट वाटणार नाही. सोमवारी हे आकडे मोठ्या सभागृहात जायचे आहेत आणि नंतर आपल्या खाली दुसरं भोक पडायचं की नाही ते त्यावर ठरायचं आहे. बोलताना मी हसले नाही. पाक तुगिमान यंत्राच्या मागून म्हणाले, "आज आवाज फार कोरडा येतोय. आल्याचा चहा घे."

शनिवारी, दुपारी, यूकडे. तिने मला स्वयंपाकघरात बसवलं, सोयाबीनचं तेम्पे तळायला घेतलं, रांजण काठोकाठ भरलेला. आमच्याकडे पाहुण्याने दुसऱ्याच्या विहिरीत डोकावायचं नसतं. कोणी शिकवत नाही हे, जसं दुसऱ्याच्या ताटात बघू नये हे कोणी शिकवत नाही. चार वर्षांत मी या घरी कितीतरी वेळा आले, पाय धुतले ते रांजणातल्या पाण्याने. मागच्या चौकात विहिरीवर पत्र्याचं झाकण, झाकणावर नेच्याच्या कुंड्या. नेचे वाढलेले होते. खूप वाढलेले. एवढे नेचे एका आठवड्यात वाढत नाहीत, दर रविवारी हलवल्या जाणाऱ्या कुंडीत तर नाहीच.

"काल ऐकलं तुझं," यू म्हणाली. "किती घाबरवतेस गं लोकांना."

"यू, विहीर दाखव."

"विहिरीत काय बघायचंय? विहीर ती विहीर."

"दाखव."

"आधी खा. तेम्पे गार झालं की चामड्यासारखं होतं." तिने बशी माझ्यापुढे सरकवली. मी उठले. ती म्हणाली, "लुपी, बस." लहानपणीच्या आवाजात. मी बसले नाही. कुंड्या जड होत्या, एक माझ्या हातून निसटून फुटली, आणि यू मागे दारात उभी राहिली, पुढे आली नाही. झाकणाखाली कोळ्यांचं जाळं अखंड होतं. मी ते हाताने तोडलं. खाली थंडावा असायला हवा होता. लहानपणी झाकण उघडलं की तोंडावर येणारा तो ओला, हिरवट वास, बेडकाच्या पोटासारखा. वर आली ती जुन्या कपाटाची हवा. मी चौकातला एक खडा घेऊन सोडला. वडिलांनी आम्हाला शिकवलं होतं, खडा सोडायचा आणि 'एक दगड, दोन दगड' म्हणायचं, पाणी वाजेपर्यंत. मी म्हणत राहिले. मग टप् असा एक आवाज आला. कोरड्या जमिनीवर नारळ पडावा तसा. मी दुसरा खडा सोडला नाही.

"कधीपासून?"

"तीन वर्षं होतील."

"तीन वर्षं?"

"हळूहळू गेली. एका कोरड्या हंगामात खालच्या चिखलात राहिली थोडी. मग तोही." ती आजारी माणसाबद्दल सांगावं तसं सांगत होती. "पहाटे मशिदीच्या नळावरून आणते. चार फेऱ्या. कोणाला त्रास नाही."

"आणि सात गाठी?"

तेव्हा तिने दाराआडून दोरी काढून दाखवली. मला वाटलं होतं ती दोरी कुठेतरी धूळ खात असेल. पण ती स्वच्छ होती, दगडासकट, आणि शेवटच्या सात गाठी बाकीच्या दोरीपेक्षा काळपट होत्या. "दर रविवारी बादलीत बुडवते," यू म्हणाली. "बरोबर सात. मग लिहिते. खोटं नाही लिहिलं मी, लुपी. ओल्या होत्या गाठी."

मला वाटलं मी ओरडेन. माझ्या छातीत ओरडणं तयार होतं, वर येत होतं, आणि वर येता येता ते वळलं आणि विचारण्यासारखं झालं, आणि मी फार सभ्यपणे विचारलं, "पण का, यू?" तिने सांगितलेली कारणं मोजली तर एका हाताची बोटं पुरतील. वरच्या दोन खोल्या विद्यार्थ्यांना दिल्यात, पाणी नसलेल्या घरात कोण राहील? सून त्याच हॉटेलात धुलाईखात्यात आहे, नुकतीच कायम झालीय. पाणी गेलेलं घर म्हटलं की लोक म्हणतात घरातल्यांनी काहीतरी केलं असेल. ही कारणं मी ऐकली, ती खरी होती, आणि मला ती लागली नाहीत. मग ती म्हणाली, "आणि तुझा पहिला रविवार आठवतो? डब्यात एकही चिठ्ठी नव्हती. तू जिन्यावर बसली होतीस, डबा मांडीवर घेऊन. मी घरी आले आणि लिहिली. पश्चिमेचा मोगरा, सात. तेव्हा खरंच सात होत्या. तू इतकी खुलून वाचलीस गं. मग पुढच्या रविवारी बाकीचे लिहायला लागले. पाणी कमी व्हायला लागलं तेव्हा मी एकदा सहा लिहिलं होतं. तुझा आवाज पडला. माझ्या कानाने ऐकलं मी, पडला. दुसऱ्या दिवशी न्हाव्याच्या बायकोने विचारलं, निवळला बरं नाही का? मग मी परत सात लिहिलं."

बाहेर मोटारसायकल गेली. रांजणावरचं झाकण यूने नीट केलं.

"उद्या शून्य लिही," मी म्हणाले.

"बघू."

"बघू नाही. यू, उद्याचाच रविवार आहे. तू लिहिलंस तर बाकीचे लिहितील. पहिली चिठ्ठी तुझीच होती."

"हो," ती म्हणाली, आणि माझ्या पदराला लागलेली माती झटकली. "हो, लुपी. लिहिते." आमच्याकडे नाही म्हणायचं असेल तर हो असंच म्हणतात. ते मला कळलं होतं. मी तरीही तो हो घेऊन घरी गेले. तळलेलं तेम्पे केळीच्या पानात बांधून तिने दिलं होतं, तेही.

विचार करत असताना माणूस एकाच गोष्टीकडे पुन्हा पुन्हा जातो, जिभेने पडलेल्या दाताच्या जागी जावं तसा. मी विचार करत होते सात या आकड्याचा नाही, त्या बादलीचाही नाही. तीन वर्षं माझ्या वडिलांची विहीर मेलेली होती आणि मला कळवलं नव्हतं. कोणी गेलं तर आधी घरच्यांना कळवतात. दाराशी पांढरा झेंडा लावतात, मशिदीतून नाव पुकारतात. मी तर दर रविवारी, संपूर्ण वस्तीसमोर, त्या मेलेलीची ख्यालीखुशाली वाचून दाखवत होते, तिला गाणी पाठवत होते, आभार मानत होते. आणि माझ्या समोर, खालच्या गल्लीत, मशिदीच्या नळावर यूला पहाटे चार फेऱ्या मारताना पाहणारे निदान दहा लोक ते ऐकत होते. न्हावी ऐकत होता. पाक तुगिमानांचं घर तर नळासमोरच. त्यांना माहीत होतं. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं, आणि एकटी मी रेडिओवर बोलत होते. सभागृहातल्या त्या टाळ्या! मला वाटलं होतं त्या भोळेपणाच्या आहेत. आता वाटलं, त्या दयेच्या होत्या. लहान मूल कविता विसरतं तेव्हा वाजवतात तशा. आणि मग, हे सगळं दुखणं नीट मांडून झाल्यावर, मी माझ्याच चौकात गेले. माझी दोरी उचलली. दगड तळाला टेकवला. वर ओढली. एक गाठ पूर्ण ओली. दुसरी अर्धी. गेल्या रविवारी हवेवर मी माझी विहीर 'तीन' वाचली होती. दोनची तीन कशी झाली, कोणत्या रविवारी झाली, मला आठवेना. अर्ध्याची पूर्ण मीच केली होती, नंतर पूर्णची आणखी एक.

रविवार. नऊ. खिडकी उघडी. पाक तुगिमानांनी हात वर करून पाच बोटं मिटली. मी कानांवरचे हेडफोन काढून गळ्यात ठेवले. मला गल्ल्या ऐकायच्या होत्या. डब्यात माझी धरून अकरा चिठ्ठ्या होत्या.

एकटा बगळा. गाणं: नदीकाठचा चंद्र. शुभेच्छा: पुलाखालच्या चांदणीला, गटाराचं काम मार्गी लागो. ओल्या गाठी: पाच.

पुलाखालची चांदणी. शुभेच्छा: सर्व श्रोत्यांना. ओल्या गाठी: सहा. निवळ यांनी काळजी करू नये.

निवृत्त वाघ. ओल्या गाठी: सहा. आल्याचा चहा घ्यावा.

मी जशा होत्या तशा वाचल्या. मध्ये गाणी लागली. पाक हारसोयो जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून वहीत लिहीत होते, खिडकीतून मला त्यांच्या डोक्याचा मागचा भाग दिसत होता. प्रत्येक आकड्याला ते मान खाली घालायचे आणि लिहायचे. सात गाणी झाली, आठ झाली. चौघांनी माझ्या घशाची चौकशी केली. एकाने लिहिलं होतं की हॉटेलच्या गच्चीवर आता कारंजं बसवणार आहेत, पोरांना बघायला सोडतील का. मग मी म्हणाले, "निवळ. म्हणजे मी. पालुपी, तिसरी गल्ली, शिवणकाम करते ती. दीड गाठ. गेल्या रविवारी मी तीन सांगितल्या होत्या. ते खोटं होतं." गल्ल्यांमधून माझा आवाज माझ्याकडे परत आला, खोटं होतं, होतं, आधी जवळून, मग नदीपलीकडून, आणि तळाला यूचा भुंगा. कोणीही काही केलं नाही. फोन वाजला नाही. खाली कोणाच्या तरी घरात भांडं पडलं आणि कोणी तरी हसलं, पण ते भांड्याला. पाक तुगिमानांनी दारावरच्या दुसऱ्या नियमाकडे बोट केलं. स्वतःचं नाव फोडलं तर चालतं की नाही, हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

शेवटची चिठ्ठी. ती शेवटी ठेवली होती मी, मुद्दाम, उघडली नव्हती. शुक्रवारपासून मी तिच्याच दिशेने चालत होते. आता उघडली. तीच 'स'ची शेपटी.

पश्चिमेचा मोगरा. गाणं: वडिलांचं, चेलोचं असलेलं. शुभेच्छा: निवळला. श्वास धर. ओल्या गाठी: सात.

मी ती वाचली. एकही शब्द बदलला नाही. श्वास धर हेसुद्धा वाचलं, आणि ते वाचताना माझ्या डोक्यावर पाणी ओतलं गेलं, थंड, हिरवट वासाचं, आणि यूचं ओलं मनगट, आणि मी श्वास धरला. पाक तुगिमानांचा हात गाण्याच्या बटणावर होता. आमच्याकडे हवेवर पाच सेकंदांपेक्षा जास्त शांतता चालत नाही. मी त्यांचं मनगट धरलं.

"पश्चिमेचा मोगरा," मी म्हणाले, "म्हणजे वारसिनी. माझी थोरली बहीण. पहिली गल्ली, कमरखापलीकडचं दुसरं घर. तिच्या विहिरीत तीन वर्षं पाणी नाही. एकही गाठ नाही. काल मी स्वतः खडा सोडला."

जिन्यावर पाक हारसोयोंची पेन्सिल थांबली, मग लिहायला लागली. माझं वाक्य एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत गेलं, खडा सोडला, सोडला, नदीपलीकडे पोचलं. मी बोलायची थांबले होते, पण उघड्या माइकचा गुंजारव सगळ्या खिडक्यांमधून येत होता, एकसारखा, आणि त्याच्या तळाशी तो फाटका भोंगा थरथरत होता. एक दगड. दोन दगड. तीन.

मग तळाचा तो आवाज थांबला.

बाकी सगळे रेडिओ चालू होते. पाक तुगिमानांनी मनगट सोडवून घेतलं आणि गाणं लावलं, चेलो सुरू झाला, खालचे सूर आले. किती स्वच्छ आले.